चुन्याचे गोल आणि मोहाची सावली

करोनाच्या दुसऱ्या वर्षी, ऐन मे महिन्यात, भाचीचं लग्न आमच्या गोंडपिपरीकडच्या गावी घरासमोरच्या मोकळ्या जागेत ठरलं. उघड्यावर काही होत नाही, असं भावाचं म्हणणं. पण आईला जुना दमा. डॉक्टरांनी तिला गर्दीपासून लांब ठेवायला बजावलं होतं, आणि नातीचं लग्न ती चुकवणार नव्हती. म्हणून मांडव नवरा-नवरीपुरताच घातला आणि सकाळीच मी चुन्याच्या फक्कीने गोल आखले. एका गोलात एक खुर्ची. आईची सगळ्यांत लांब. इथून हलायचं नाही, असं तिला सांगून मी कामाला लागले.

ऊन चढलं तसे पाहुणे एकेक करून कडेच्या मोहाच्या झाडाखाली गेले आणि खांद्याला खांदा लावून बसले. जागा जाऊ नये म्हणून गोलांत चपला ठेवून गेले. मी हटकलं तर शेजारचे एक काका म्हणाले, "चपला तं लांब लांब हायेत ना बाई." सगळे हसले. मलाही हसू आलं.

तेवढ्यात मावशीने माझा दंड धरला. "काऊन वो, मायले भाजून राह्यली का? रोग राहू दे, ऊनच नेईन तिले."

आई डोक्यावर पदर घेऊन उन्हातच बसली होती. चेहरा लालबुंद. म्हणाली, "तू म्हणली हलू नको, म्हणून नाई हलली."

गरम वारा पश्चिमेकडून येत होता. तिची खुर्ची मी सावलीच्या पश्चिम कडेला, लोकांपासून जमेल तेवढी लांब ठेवली. वारा आधी तिच्याकडे येणार, मग गर्दीकडे जाणार. वारा पडला तर मात्र हा हिशोब फसणार होता.

अक्षता पडल्या. भाची पाया पडायला आली, तिला मी हात आडवा करून अलीकडेच थांबवलं. ती तिथूनच वाकली. आईने दोन्ही हात पुढे करून हवेतच तिच्या चेहऱ्यावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. सगळी वाजली.

मोहाची पानं हलायची थांबली होती. मी काही बोलायच्या आत आई उठली. "झालं माझं. ने आता घरात."

पुढे कितीतरी दिवस मी तिच्या खोकल्याकडे कान लावून होते. तो नेहमीचाच निघाला. वाऱ्यामुळे, की ती वेळेवर उठली म्हणून, की नुसत्या नशिबाने, ते मला आजही सांगता येत नाही.