उभ्यानं खाल्लेली मिसळ

कमरेतली नस दबल्यापासून मी हॉटेलात उभ्यानं खातो. बसलं की डाव्या मांडीतून घोट्यापर्यंत कळ जाते; आतून कुणी चिमट्यानं तार ओढावी तशी. उभं राहिलं की थांबते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिले. मिसळ सोडा असं ते म्हणाले नाहीत, म्हणून मी सोडली नाही.

पण आमच्या कोल्हापुरात रविवारी सकाळी जो टेबलाशेजारी उभा असतो, तो खुर्ची मोकळी व्हायची वाट बघत असतो. त्यामुळे मी जिथं उभा राहीन तिथली माणसं घाईघाईनं पाव कोंबायला लागतात. सावकाश खा, मला बसायचं नाही, असं एकाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग काय नजर लावायला आलायसा?"

एका रविवारी शाळेतले माझे सर मिसळ खायला येणार होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बारावीनंतर वडील मला गावच्या डेअरीत चिकटवणार होते. सर कोडोलीहून सायकलवर आमच्या घरी आले, बाहेरच्या सोप्यात बसले आणि कॉलेजचा फॉर्म भरून झाल्याशिवाय उठले नाहीत. आज मी सरकारी कचेरीत कारकून आहे. सरांचं त्या दिवशीचं बसणं वाया गेलं नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

म्हणून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मी अर्धा तास आधीच गेलो, कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि शेजारी उभा राहिलो. शर्टानंच घात केला; तिथले वाढपीही पांढऱ्याच शर्टात असतात. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या पावण्यांनी माझ्याकडं न बघताच रश्श्याची रिकामी वाटी पुढं केली. "कट आणा की जरा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणायची मला सवय नाही. मी कट आणून दिला. मग दुसऱ्यानं कांदा मागितला. तिसऱ्यानं लिंबू का नाही म्हणून झापलं. दोन्ही हातांत कटाच्या वाट्या घेऊन वळलो, तर दारात सर.

सरांनी माझ्याकडं बघितलं, वाट्यांकडं बघितलं, आणि चष्मा काढून पुसला. जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. कुठलंही काम हलकं नसतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी नोकरीचं बोलायला लागलो, तर ते नुसतं "असू दे, असू दे" म्हणत राहिले. मग सरळ गल्ल्यावर गेले आणि मालकांना म्हणाले, "माझा विद्यार्थी आहे. पाच मिनिटं त्याला माझ्याजवळ बसू द्या."

मालक हातातली सुट्या पैशांची मोड खाली ठेवून हसले. "गुरुजी, ह्ये आमचं गिऱ्हाईक हाय. वरीस झालं बसा म्हणतोय, बसतच न्हाईत."

मी वाट्या ठेवल्या आणि खिशातलं ओळखपत्र काढून दिलं. सरांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, पूर्वी गुणपत्रक वाचायचे तसं. त्यांचा चेहरा हळूहळू सैलावला. आनंदाच्या भरात म्हणाले, "बस."

सरांनी बस म्हटलं आणि मी बसलो नाही, असं आयुष्यात झालेलं नाही. बसलो. कळ अशी गेली की मी टेबलावरचा पाण्याचा तांब्या अंगावर घेऊनच उठलो. मग नसेचं सगळं सांगावं लागलं.

"उठलायस ना? मग तास संपेपर्यंत उभाच राहा," सर म्हणाले, आणि स्वतःची प्लेट उचलून माझ्या शेजारी उभे राहिले.

दोन घास झाले असतील. पलीकडच्या टेबलावरून एका तरुणानं हाक मारली, "मामा, दोन पाव."

मी पुढं होणार, तेवढ्यात सर गेले. पाव आणून त्याच्यासमोर धरले, पण ठेवले नाहीत. "ताटात अर्धा पाव शिल्लक आहे," ते म्हणाले. "आधी तो संपव."

त्यानं मान खाली घालून संपवला.