सोलरमधली पाल

उंब्रजचा नाथाजी आठ वर्षं लोकांच्या गच्चीवरचे पाणी तापवायचे सोलर धुतोय, तरी त्याला येणारी शिसारी काही कमी झालेली नाही. आज एका सुभेदारांच्या टाकीची खालची चावी उघडली, तर आधी तांबूस चिखल भसाभसा आला, मग क्षाराच्या खपल्या, आणि शेवटी शिजून पांढरी पडलेली पाल.

"आवं सुभेदार, बोअरचं पाणी हाय! वरसातनं एकदा तरी धुवायचं का न्हाई?" तो खेकसला.

"पाणी तर स्वच्छ दिसतंय की," म्हणत सुभेदारांनी चहा पुढं केला. "सोलरच्याच पाण्याचा हाय. गॅस वाचतो."

कप तसाच ठेवून नाथाजी निघाला. माणसं हायत का डुकरं, असं पुटपुटत रस्ताभर थुंकत आला.

घरी बायकोनं, अंजनानं, लगेच चहा दिला. तो गटागटा प्यायल्यावर कुठं तोंडाची चव जागेवर आली.

"एवढ्यात कसा झाला गं?" त्यानं आज पहिल्यांदाच विचारलं.

"सोलरचं पाणी घेते की. पहिल्यापासनं."

नाथाजीनं रिकाम्या कपात बघितलं. घरचा सोलर त्यानं बसवल्यापासून एकदाही उघडला नव्हता.