पुसलेली नदी

"ज्याला शिकवता येत नाही, तो चित्रं दाखवतो," असं भूगोलाचे सर एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणाले होते. तेही चित्रकलेचे सर शेजारीच डबा खात बसलेले असताना.

भूगोलाच्या सरांच्या जिभेला हाड नव्हतं. मानेत मात्र एक जास्तीचं होतं, त्यामुळे ती कुणापुढे वाकत नसे. खडू हातात आला की फळ्यावर अख्खा खंड उतरायचा, हात न उचलता, एका रेषेत. मुलं पाठीमागे त्यांना 'नकाशा' म्हणत. तास संपला की ते फळा स्वतः पुसत, आधी कोरड्या फडक्याने, मग ओल्या. पुढच्या शिक्षकाला स्वच्छ फळा मिळाला पाहिजे, एवढी एकच सभ्यता ते पाळत. गणिताच्या बाई समीकरणं तशीच टाकून जायच्या. ती पुसताना सरांचं तोंड दुसऱ्याचं खरकटं उचलावं लागल्यासारखं व्हायचं.

अशातच मुख्याध्यापिका मॅडम एका शिबिराहून परतल्या. शिबिरात माणसाला नवे शब्द मिळतात, विचार घरून न्यावे लागतात. मॅडम रिकाम्या हातांनी गेल्या होत्या आणि शब्दांनी लगडून आल्या.

"यापुढे दहावीचे धडे वेबवर," त्यांनी सभेत जाहीर केलं. "पाहणी समिती येईल तेव्हा प्रत्येकाने एक धडा दाखवायचा. ज्यांना जमणार नाही त्यांनी पाचवी सांभाळावी."

पाचवी म्हणताना त्यांनी सरांकडेच पाहिलं.

दहावी ही सरांची सगळी मिळकत होती. पाचवीतली पोरं ऐकतात, दहावीतली उलट विचारतात. नुसतं ऐकणाऱ्या माणसांचा सरांना मनातून तिटकारा होता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, ती त्यांना होयबांसमोर काढायची नव्हती. म्हणून ते शिकायला तयार झाले, दात काढून घ्यायला जावं तसे.

संगणकाचा तरुण शिक्षक कानात सतत काहीतरी खुपसून हिंडायचा. सगळे त्याला 'हेडफोन' म्हणत. "एकदम सोप्पंय सर," असं म्हणून त्याने पडद्यावर बोटं अशी फिरवली की सरांना त्यातलं काहीच दिसलं नाही. सोप्पंय म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकदा आफ्रिकेचा किनारा हाताने काढायला लावला पाहिजे, असं मनात म्हणत सर घरी आले.

घरी बायको होती. उभा जन्म बँकेच्या काउंटरवर काढून ती निवृत्त झाली होती, आणि वेबवर तिचा हात बसलेला होता.

"अहो, ते बटण दाबून काय धरलंय? दाराची घंटा आहे का ती?"

"हलत नाहीये ते."

"ते हलतंय. तुम्ही हलू देत नाही."

"माझ्या वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती तुला."

"आणि तुम्ही माझ्या खिडकीशी असतात तर शेजारच्या खिडकीवर पाठवलं असतं. चला, परत करा."

अशा शिव्याशापांतून एक पान उभं राहिलं. तयार चित्रं सरांनी घेतली नाहीत, उष्टं खाण्याची त्यांना सवय नव्हती. उगमापासून मुखापर्यंत नदी त्यांनी स्वतः काढली, तुकड्यातुकड्यांत, आणि बायकोने ते तुकडे पानावर असे जोडले की खालची पट्टी बोटाने सरकवली की दरी रुंदावत जायची आणि पाणी संथ व्हायचं. त्याखाली मुलांनी प्रश्न लिहायची जागा.

समिती यायच्या दिवशी सकाळी सरांनी दहावीत तालीम घेतली. पट्टी सरकली, नदी वाहिली. खाली प्रश्न उमटू लागले. बहुतेक नेहमीच्या पोपटांचे. मग एक आला शेवटच्या बाकावरच्या मुलीचा, जिचा आवाज सरांनी वर्षभरात ऐकला नव्हता. 'समुद्रात गेल्यावर नदीचं पाणी किती लांबपर्यंत तिचं राहतं?'

सर थांबले. हा प्रश्न तोंडाने कधीच आला नसता, हे त्यांना कळलं, आणि कळल्याचा रागही आला. मग ते बोलायला लागले. गोड पाणी खाऱ्यावर कसं तरंगतं, गाळाचा रंग किती दूर दिसतो. ती मुलगी मान वर करून ऐकत होती. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा सर घामाघूम होते. बोलता बोलताच त्यांच्या हाताने आपलं काम केलं. सगळं पान निवडलं आणि पुसायला घेतलं. नक्की पुसायचं का, असं यंत्राने विचारलं. सरांनी वैतागून 'हो' दाबलं. फळ्याने कधी असं विचारलं नव्हतं.

दुपारी समिती आली. तीन माणसं. एक पेंगणारे साहेब, एक खोकणारे, आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्या एक बाई. मॅडमनी पान उघडलं. पांढरंशुभ्र.

"सर, धडा?"

"झाला."

"झाला म्हणजे?"

"सकाळी घेतला. मग पुसला."

"पुसला?"

"पुढच्या तासाला दुसरं कुणी येतं ना, मॅडम."

खोकणारे साहेब हसता हसता जास्तच खोकले. बाईंनी हसण्यालाही मान डोलावली.

"सर, इथे कुणी पुसत नसतं हो," हेडफोन पुढे येत म्हणाला. "प्रत्येकाचं पान वेगळं. राहतं ते तिथेच." आणि त्याने कचऱ्याच्या पेटीतून नदी परत काढली, प्रश्नांसकट. पुरलेलं माणूस उठून बसावं तसं सरांना वाटलं.

पेंगणारे साहेब जागे झाले. लहान मुलाच्या अधाशीपणाने त्यांनी पट्टी मागेपुढे केली. "वा! आणि हे असंच राहणार?"

"कायम," मॅडम म्हणाल्या, जणू डोंगरातून नदी त्यांनीच डोक्यावर वाहून आणली होती.

"कुणीही चालवू शकेल?"

"कुणीही."

दहावी वाचली, असं सरांना वाटलं. त्यांनी खुर्चीत जरा पाय पसरले.

"तोच तर फायदा आहे," मॅडम समितीला सांगत होत्या. "सरांनी अवघड काम उरकून ठेवलंय. उरलेले धडेही ते असेच करून देतील. मग दहावी हा आमचा तरुण शिक्षकच घेईल. सरांना पाचवी देऊ. तिथे अजून फळा आहे, त्यांना आवडतो तो."

बाईंनी मान डोलावली. हेडफोनने कानातलं काढलं.

"मॅडम, पण या मुलीने विचारलेलं... याचं उत्तर पानावर नाहीये. मला पण येत नाही."

"मग टाकून घ्या की त्यात. सर, तेवढं टाइप करून देता ना आजच्या आज? आणि पासवर्ड पण."

सगळे त्यांच्याकडे पाहत होते, पावतीसाठी थांबल्यासारखे. पेंगणाऱ्या साहेबांचं बोट अजून पट्टीवर होतं. सर उठले. खुर्ची त्यांनी टेबलाखाली सारली, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि दाराबाहेर पडले.