डोळ्यांपाशी धरलेली भाकरी

आमचं सेंटर चालवणाऱ्या मॅडमनी माझ्या हनुवटीखाली दोन बोटं घातली आणि माझं तोंड वर उचललं. पालकांच्या मीटिंगमध्ये. सगळ्यांसमोर.

"लुक ॲट मी," त्या म्हणाल्या. मग पालकांकडे वळून, "आमच्या थेरपिस्टलाच आधी थेरपी द्यायला हवी. या रोह्याच्या मुली अशाच, मान खाली."

सगळे हसले. मीही हसले.

मी बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. लहानपणापासून. वडिलांनी धाटावच्या कंपनीत ओव्हरटाइम करून मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं, तिथल्या टीचरनीही अशीच हनुवटी उचलली होती. नजर वर केली की मला समोरच्याचं बोलणं ऐकूच येत नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला?

पेणच्या त्या सेंटरमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवायचं माझं काम. रीतसर कोर्स केला होता. मूल काय करतं, कशामुळे करतं, काय मिळालं की पुन्हा करतं, हे नीट बघायचं आणि त्यावरून शिकवायचं. गप्प बसून बघणं मला येतं. म्हणून काम आवडायचं.

पण मॅडमचा एक नियम होता. मूल उपाशी आणायचं. भूक असली की बक्षीस लागू पडतं, म्हणे.

दर्शू धरमतरकडच्या गावातून यायची. पाच-सहा वर्षांची, बोलत नसे. आई मिठागरावर कामाला. दर्शू तांदळाच्या भाकरीशिवाय काही खायची नाही. आई डब्यात भाकरी आणायची, मी तिचे नखाएवढे तुकडे करायचे. एक तुकडा माझ्या डोळ्यांपाशी धरायचा. म्हणायचं, "दर्शू, लुक." तिने बघितलं की तुकडा तिचा.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. भाकरीकडे बघत होती. कुणालाही दिसलं असतं. मॅडम म्हणायच्या, "बघ, आय कॉन्टॅक्ट आला!"

एकदा सेंटरला देणगी देणारे पाहुणे यायचे होते. त्यांना दर्शू दाखवायची होती. सकाळी येणारे पाहुणे दुपारी आले. दाराशी तिची आई मला हळूच म्हणाली, "सकालपासना काय दिला नाय गो ताय. तुमी सांगितला तसा. आता तरी द्याल ना?"

पाहुण्यांसमोर मी तुकडा धरला. "दर्शू, लुक."

दर्शूने भाकरीकडेही बघितलं नाही. स्वतःच्या मनगटाला चावली.

"हनुवटी धर तिची," मॅडम म्हणाल्या. हसतमुखाने.

मी बोटं पुढे नेली. हनुवटी लाळेने ओली होती. तिने डोळे गच्च मिटून घेतले. मीटिंगमध्ये मीही तेच केलं होतं. फक्त डोळे उघडे ठेवून.

मी हात काढला. अख्खा डबा तिच्यापुढे ठेवला आणि तिच्या बाजूला खाली बघत बसले.

"हे काय चाललंय?"

"ती जेवतेय."

"माझ्याकडे बघून बोल."

"मी ऐकतेय, मॅडम. बघणार नाही."

दर्शू दोन्ही हातांनी खात होती. दारातून आई म्हणाली, "खा गो बाय, खा."

उद्यापासून येऊ नकोस, असं मला त्याच दिवशी सांगितलं. दर्शूलाही. रस्त्यावर तिची आई माझ्यावरच भडकली. "तुमचा काय? तुमी शिकलेल्या, दुसरीकडं जाशाल. माझ्या पोरीला कोन घेल आता?"

तिचं बरोबर होतं. पेणमध्ये तिला परवडेल असं दुसरं काही नव्हतं. आजही नाही.

आता मी रविवारी रोह्याहून एसटीने त्यांच्या गावी जाते. दर्शू आधी पोटभर जेवते. मग शिकायचं. तहान लागली की पाण्याच्या तांब्यावर हात ठेवायचा, एवढं एक चाललंय. कधी जमतं, कधी दिवस फुकट जातो. तिची आई अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आणि सेंटरमध्ये मुलं अजून उपाशीच जातात. म्हणून पेणच्या स्टँडवर त्यांच्या आया भेटल्या की मी थांबवून सांगते. लाजत, अडखळत, पण सांगते. पोराला जेवू घालूनच न्या. कुणी हनुवटीला हात घातला तर तो हात काढा, मॅडमचा असला तरी. मॅडमना हे कळलंय. कळू दे.

हे सांगताना मी खालीच बघते. बघणार.