तिसऱ्या मजल्यावरचं खारं पाणी

कूलरची खस बदलायला आलेल्या माणसाशी मी गॅलरीत भांडत होते, तेव्हा फोन वाजला. जुनीच खस झटकून लावतोय असं माझं म्हणणं, आणि "बाई, वास तर घेऊन पाहा" असं त्याचं. फोन शोभाताईचा होता, माझ्या मोठ्या बहिणीचा. म्हणाली, "मंगल, तुझे भाऊजी गेले वं." माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तीच पुढे म्हणाली, "घरी टाकीत वरचं पाणी टाकायचं राहिलं हाय. मी इथं दवाखान्यातच आहो..." नवरा गेल्याची बातमी आणि माशांच्या टाकीची आठवण तिनं एका दमात सांगितली. मी खसवाल्याला तसाच सोडून निघाले. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून आधी तिथे गेले, टाकीत पाणी घातलं आणि मग दवाखान्यात पोचले. कुणाला हे विचित्र वाटेल. मनोहरभाऊजींना वाटलं नसतं.

आदल्या दिवशीच मी त्यांना रामदासपेठेतल्या त्या दवाखान्यात भेटले होते. नाकात नळी, हातात सुई, आणि हे मला विचारतात, "हॉलमधला कूलर सुरू केला काय वं शोभानं?" मी म्हटलं, केला असेल, उन्हाळा आहे, माणसं राहतात घरात. तर म्हणे, "मंग पाणी जास्त उडन. गोडं टाकजो. खारं नको टाकू बरं!" मी चिडले. "भाऊजी, गप पडून राहा. तुमचे मासे काही मरत नाहीत." ते हसले आणि म्हणाले, "मरतात वं. तुले काय माहीत." तेच आमचं शेवटचं बोलणं. साळी-भाऊजींचं नातं आमचं, आयुष्यभर एकमेकांना टोमणे मारण्यात गेलं. शेवटचा टोमणा त्यांच्या वाट्याला आला, याचं मला खरंच बरं वाटतं.

भाऊजी विणकराच्या घरातले. वडील हातमागावर बसायचे, भाऊजी मात्र इतवारीतल्या एका साडीच्या दुकानात गादीवर बसले ते निवृत्त होईपर्यंत. गिऱ्हाईक उठायला लागलं की "ताई, घेऊ नका, नुसतं पाहून तर घ्या" म्हणत आणखी एक घडी मोडायची, हा त्यांचा स्वभाव. घरीही तेच. पानात पुरणाची पोळी संपत आली की त्यांना चैन पडायचं नाही. नको नको म्हणणाऱ्याच्या आडव्या हातावर पोळी ठेवणारा माणूस! माझ्या यजमानांनी तर त्यांच्याकडे जेवायला जायच्या दिवशी सकाळचा चहासुद्धा घ्यायचं सोडून दिलं होतं.

असा हा माणूस समुद्राच्या नादी कसा लागला? बीपी वाढलं म्हणून डॉक्टरकडे गेले. तिथे बाहेर बसायच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. आत डॉक्टर म्हणाले, मीठ बंद. बाहेर येऊन भाऊजी त्या टाकीसमोर जे बसले ते उठेचनात. ताईला म्हणाले, "खाता येत नाही तं निदान पाहू तं दे." त्यांच्या मुलाने, निखिलने, हौसेने टाकी घेऊन दिली. नागपूरहून समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी रात्रभराच्या गाडीवर, आणि आमच्या भाऊजींनी तो बादलीत मिठाची पाकिटं फोडून तिसऱ्या मजल्यावर तयार केला. ताई कपाळाला हात लावून म्हणाली, "माय वं! याईच्या भाजीत चिमूटभर मीठ चालत नाही, अन् हॉलमध्ये पोतंभर!"

पहिल्याच उन्हाळ्यात घात झाला. आपल्याकडचा उन्हाळा, वर कूलरचा वारा थेट टाकीवर. पाणी भराभर खाली जायचं आणि भाऊजी इमानेइतबारे मीठ कालवलेलं पाणी वरून घालायचे. समुद्राचं पाणी खारं, तेव्हा घालायचंही खारंच, असा सरळ हिशोब. एकेक मासा कडेला जाऊन बसायला लागला, मग आडवा. भाऊजी रडकुंडीला आले. तेव्हा स्वयंपाकघरातून ताई बाहेर आली, तिला सगळा प्रकार सांगितला, आणि ती म्हणाली, "आमटी आटली तं तुमी तिच्यात आणखी मीठ टाकता काय? पाणीच टाकता ना?" वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ आहे तिथेच राहतं. हे भाऊजींना शाळेत शिकवलं असणारच, पण डोक्यात शिरलं ते आमटीमुळे. त्या दिवसापासून फिल्टरचं गोडं पाणी वरून घालायचं ठरलं. भाऊजींनी दुकानातल्या एका जुन्या साडीच्या काठाची पट्टी टाकीला बाहेरून चिकटवली, पाणी कुठवर हवं त्याची खूण म्हणून. जांभळी, जरीची. पाणी पट्टीच्या खाली गेलं की भरायचं.

मग नवे मासे आले. त्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी होती. या जातीत मादी मोठी आणि तिचाच धाक, नर लहानखुरा, तिच्या मागे मागे फिरणारा. भाऊजींनी तिचं नाव ठेवलं मालकीणबाई आणि त्याचं घरजावई. "घरात दोन जोड्या हाय, अन् दोन्हीकडं कारभार सारखाच," असं आल्यागेल्याला सांगायचे. ताई आतून म्हणायची, "हौ, हौ, ऐकून राहिली मी."

दुसरं संकट शेवाळाचं. आधी वाळूवर तपकिरी थर, मग दगडांवर हिरवे केस. केस म्हणजे अगदी केस, विंचरावे इतके लांब. भाऊजी हात घालून उपटायचे, आठवड्यात पुन्हा तेवढेच. औषधं झाली, दिवे कमी करून झाले. मी गेले की माझे हात शिवशिवायचे, कारण मला घाण दिसली की घासल्याशिवाय जेवण जात नाही. भाऊजी मला फिनेलबाई म्हणायचे. मी म्हटलं, सगळं पाणी फेका, दगड ब्रशने घासा, काच लख्ख करा आणि नव्याने भरा. तर जणू कुणाचा जीव घ्यायला सांगितला असं माझ्याकडे पाहिलं त्यांनी. "सगळं कधीच नाही काढायचं वं. दगडाइत, वाळूत डोळ्याले न दिसणारे जीव बसले हाय, तेच घाण खातात. थोडं काढायचं, थोडं टाकायचं. बस."

शेवाळ कशावर पोसतंय ते शेवटी त्यांचं त्यांनाच उमगलं. टाकीतली घाण मोजायला एक काचेची नळी असते. टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. सोबत रंगांचा कागद येतो, पण भाऊजींनी तो कधी उघडला नाही. जन्म साड्यांच्या रंगात गेलेला माणूस! नळी खिडकीशी धरून सांगायचे, "आज लिंबू." म्हणजे झकास. "आज हळदी" म्हणजे जरा जपून. केशरी म्हणजे गडबड. आणि त्या दिवसांत नळी रोज डाळिंबी यायची. एकदा मी बसले असताना त्यांनी नळी पाहिली, डाळिंबीच होती, आणि दुसऱ्या हाताने सवयीने खाणं टाकलं. मासे काचेशी येऊन तोंडं उघडत होते. "पाह्य, कशे मागून राहिले बिचारे," म्हणून आणखी एक चिमूट. मग एकदम थांबले. स्वतःच्या हाताकडे पाहिलं... आणि म्हणाले, "मंगल, मी याईले आग्रह करून राहिलो वं."

खरंच तसंच होतं. मासे खात होते त्याच्या दुप्पट ते वाढत होते, उरलेलं कुजत होतं आणि त्यावर शेवाळ माजत होतं. ज्या माणसाने जन्मभर कुणाचं पान रिकामं राहू दिलं नाही, त्याला हात आखडायला शिकावं लागलं. दिवसातून एक चिमूट. ती टाकली की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, शाळेतल्या पोरासारखे, म्हणजे हात पुन्हा डब्याकडे जाऊ नये. शेवाळ हळूहळू ओसरलं. समोरची आणि बाजूच्या काचा ते पुसायचे, मागची मात्र कधीच नाही. तिथे पातळ हिरवा थर राहू द्यायचे, गोगलगायींसाठी. "हे त्याईचं ताट हाय, तिले हात लावायचा नाही," असं मला बजावलं होतं. टाकीत वाचवलेला सगळा आग्रह आमच्या पानात यायचा, हे सांगायला नकोच.

ते गेल्यावर घर माणसांनी भरलं. तेरवीच्या दिवशी वडाभात, पुरण, सगळं त्यांच्या आवडीचं केलं होतं. गाईचं पान निघालं, कावळ्याचं निघालं. भाऊजींच्या मोठ्या बहिणीने, उमरेडच्या लीलाअक्कांनी, तिसरं पान वाढून घेतलं. मला वाटलं आणखी कुणासाठी असेल. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर अक्का टाकीशी उभ्या. तूप घातलेला भात मूठ मूठ पाण्यात सोडत होत्या, डोळ्यांतून धारा चालल्या होत्या. "लेकरं उपाशी कशी राहतीन गा तुही, मनोहर..." माझ्या तोंडाशी किती शब्द आले सांगू! पण ताईने माझं मनगट घट्ट धरलं. भावाच्या तेरवीला बहिणीने घास घातला, तिला काय बोलणार? अक्का आत गेल्यावर मी आणि निखिलने जाळीने जमेल तेवढा भात काढला. तुपाचा तवंग मात्र वर पसरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भाताच्या पेजेसारखं पांढरं. मालकीणबाई दगडामागे. घरजावई वर येऊन तोंडाने हवा ओढत होता. निखिल रडवेला झाला. म्हणाला, "मावशी, राहू दे आता. दुकानवाल्याला मासे देऊन टाकू, टाकी उचलून नेईल तो." मी म्हटलं, काही देऊन टाकायचं नाही, सगळं पाणी उपसू आणि नवं भरू. ताई खुर्चीत बसून होती. नवरा गेल्यापासून ती हो-नाहीपलीकडे बोलली नव्हती, जेवत होती की नाही देव जाणे. मला माशांची काळजी होती, पण त्याहून जास्त तिची. ही टाकीही गेली तर ती कशाकडे पाहून उठेल, हे मला दिसत नव्हतं. आणि मी बादली टेकवते तोच ती म्हणाली, "सगळं नाही."

उठली. इतक्या वर्षांत त्या टाकीला तिने बोट लावलं नव्हतं, मला तरी दिसलं नव्हतं. तिने बादलीत फिल्टरचं पाणी घेतलं, मीठ कालवलं, खारेपण मोजायचं यंत्र खिडकीशी धरून डोळ्याला लावलं, थोडं पाणी आणखी घातलं, पुन्हा पाहिलं. "एवढंच काढ," म्हणून मला खूण दाखवली आणि तेवढंच नवं हळूहळू सोडलं. हवेची मोटर जोरात लावली. "अन् कोणीच काही खाऊ घालायचं नाही याईले. मी सांगीन तवा." आग्रहाच्या त्या घरात मासे उपाशी ठेवले होते. लीलाअक्का दोनदा म्हणाल्या, "शोभा, पाप लागन वं." ताई शांतपणे म्हणाली, "अक्का, लागू दे मले."

रोज थोडं काढायचं, थोडं घालायचं. मी रोज जायचे. नळी डाळिंबी, डाळिंबी, मग एके दिवशी केशरी. घरजावई वरून खाली उतरला, मालकीणबाई दगडामागून बाहेर आली आणि आल्या आल्या त्याच्या अंगावर धावली. ताई हसली. किती दिवसांनी, ते मी मोजलं नाही... पण त्या दिवशी ती माझ्यासोबत जेवायला बसली आणि भात मागून घेतला.

आता सगळ्या टाकीत पुन्हा हिरवं माजलंय. तेरवीचा भात कुठेतरी उगवणारच होता. ताई समोरची काच पुसते, दगडावरचे केस हाताने काढते. मागच्या काचेला ती हात लावत नाही, आणि मीसुद्धा नाही. मी हे लिहितेय म्हणजे माझ्यात केवढी सुधारणा आहे ते समजून घ्या.

परवा गेले तर ती पाणी भरत होती. कूलर सुरू होता, पाणी जरीच्या पट्टीखाली गेलं होतं. तांब्याने सावकाश गोडं पाणी सोडत होती. चिमूटभर खाणं टाकलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. मग नळी खिडकीशी धरून म्हणाली, "हळदी. पण लिंबाकडं चाललं." मी सहज विचारलं, "रोज इतकं पाणी उडतं, ताई, सगळं बदलूनच जात असेल ना आता?"

"पाणी उडते वं," ती म्हणाली, "मीठ राहते. त्याईनं टाकलेलं अजून आतच हाय."

मला वाद घातल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "तेरवीनंतर आपण इतक्या बादल्या काढल्या, त्यात ते गेलंच की."

ताईने तांब्या पुन्हा भरला आणि पट्टीपर्यंत पाणी आणलं.

"सगळं कुठं काढलं आपण?"