शास्त्रापुरतं दही

मॅट्रिकच्या वर्षी मला एकच ध्यास होता, पुण्याला जाऊन शास्त्र शिकायचं. मावशीनं राहायला बोलावलं होतं. अडलं होतं ते अण्णांपाशी.

अण्णा म्हणजे माझे वडील. पत्रिका बघण्यात सोलापुरात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मिलचा भोंगा झाला की मुहूर्त विचारणाऱ्यांनी आमची ओसरी भरायची. मला ते म्हणायचे, "ज्यात रोज भर घालावी लागते ते कसलं शास्त्र? आमचं बघ, कधीच पुरं झालंय. अपुऱ्यापायी मुलीचा जन्म घालवू?" मी चिडायचे, रडायचे, पण हट्ट सोडला नाही.

तशात पेपरात आलं, आभाळात नववा ग्रह सापडला. अण्णा असे काही हसले! ओसरीवर बातमी मोठ्यानं वाचून म्हणाले, "घ्या! साहेबाला नववा आत्ता सापडला. आम्ही नवग्रह पिढ्यान्‌पिढ्या पुजतोय!"

सगळे खो-खो हसले. मी तरातरा बाहेर आले.

"अण्णा, त्यांच्या नवात राहू-केतू नाहीत. सूर्य-चंद्रही नाहीत. आपण बसलोय ती पृथ्वी मात्र आहे. मोजून बघा की."

अण्णा बोटांच्या पेरांवर मोजू लागले. शनीपर्यंत आले आणि थांबले. पुढचे तिन्ही त्यांच्या पंचांगात नव्हते.

"उद्या दहावा सापडला तर?" त्यांनी विचारलं.

"सापडू दे की."

"आणि उद्या तेच म्हणाले, हा नववा ग्रहच नव्हे, तर?"

"तर तसं लिहायचं! पुरं झालं असतं तर मी तिथं जाऊन काय करू, घोकंपट्टी? अपुरं आहे म्हणूनच जायचंय मला. यंदा नाही म्हणालात तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन."

मी चारचौघांत असं बोलले म्हणून अण्णांनी बरेच दिवस अबोला धरला. मग एका सकाळी पंचांग उघडून आईला म्हणाले, "हिला निघायला गुरुवार बरा आहे." मी आनंदानं आईच्या गळ्यातच पडले.

गुरुवारी टांगा दाराशी आला. आईनं माझ्या तळहातावर थेंबभर दही घातलं. "घे गं, शास्त्रापुरतं."

अण्णा माझी ट्रंक उचलत होते. तिथूनच खेकसले, "शास्त्रापुरतं काय? वाटीभर दे तिला. हिचं शास्त्र काही पुरं व्हायचं नाही."