कुंभारीच्या मुलीचा दुसरा निबंध

बाळांनो, या वयातही मी पेपर तपासते याचं तुम्हाला हसू येतं. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या माझ्या जुन्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा रिकामी आहे, म्हणून गठ्ठे माझ्याकडे येतात. गेल्या वर्षीच्या एका गठ्ठ्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. इथे ते कुणाशी बोलता येत नाही.

पुण्याची एक संस्था आठवीतल्या मुलींना वसतिगृहासकट पुढचं सगळं शिक्षण फुकट देते. आमच्या शाळेने एकीचाच इंग्रजी निबंध पाठवायचा असतो. विषय होता ‘माझी आई’. मी क्रमाने वाचत गेले. प्रत्येक आई पहाटे उठत होती, तुळशीला पाणी घालत होती, आजारपणात उशाशी बसून राहत होती. गाईड एकच, म्हणून आईही एकच. विसाव्या आईनंतर मी चष्मा काढून ठेवला.

मग एक वेगळा पेपर हाती आला. इंग्रजी ओबडधोबड होतं. मराठीत सांगायचं तर तिने लिहिलं होतं: ‘आई दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. माझ्याशी बोलतानाही ती सुपाकडेच बघते. म्हणून मला तिचा भांग पाठ आहे, डोळे नाहीत. कारखान्यात विड्या खराब म्हणून काढून टाकल्या की त्या दिवशी ती म्हणते, आज भूक नाही. आता तिने आणखी एक सूप आणलंय. ते माझ्या मापाचं आहे.’

मी उठून पाणी प्यायले. एवढ्या वर्षांत मुलांच्या हातचं असं फार थोडं वाचलं होतं. सगळ्यांत जास्त गुण देऊन मी तो पेपर मुख्याध्यापिकांपुढे ठेवला.

त्यांनी संस्थेचा तक्ता काढला. प्रस्तावना, सुविचार, पाच मुद्दे, उपसंहार. प्रत्येकाला एक चौकट.

“बाई, यात सुविचार कुठाय? उपसंहार कुठाय?”

“अहो, आधी वाचून तर बघा.”

“वाचला. रडू आलं मला. पण पुण्यात वाचत नाहीत हो, चौकटीत खुणा करतात. हा पाठवला तर पोरगी गेलीच म्हणून समजा.”

“मी संस्थेला पत्र लिहिते.”

“लिहा की. उत्तर येईपर्यंत ती विड्या वळायला बसलेली असेल.” मग जरा नरमून म्हणाल्या, “दुपारी पाकीट जाणार. तोवर तिच्याकडून दुसरा लिहून घ्या. नाहीतर मी दुसऱ्या मुलीचा पाठवते.”

मुलगी आली. वेणीला लाल रिबीन, कुंभारी गावाहून येणाऱ्या बसच्या धुळीने पांढरे पडलेले पाय. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. मी तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, “हाच ठेवू या. वर एक सुविचार आणि खाली दोन ओळी घालू. मधलं काही बदलायचं नाही.”

“मग पाच मुद्दे कुटनं येतील, बाई?”

“नाही आले तर नाही आले. मला हा फार आवडलाय.”

तिने माझ्याकडे बघितलं. लहान पोराची समजूत घालावी तसं बोलली, “तुमाला आवडला, पण सीट तुमच्या हातात न्हाय की.”

मी तिच्या पेपरवर सुविचारासाठी जागा शोधू लागले.

“बाई, मला जायचंय. गाईडातला लिहिते. पाठ हाय.”

तिने लिहिला. एकही खाडाखोड नाही. आई पहाटे उठली, तुळशीला पाणी घातलं, अंगाई म्हटली. डोळे प्रेमाने भरलेले होते. मी तक्ता समोर घेतला. एखादी चौकट रिकामी सापडावी म्हणून दोनदा तपासला. सगळ्या भरल्या होत्या.

“जाईल का ओ बाई?”

“जाईल.”

“आईला सांगू नका हां, पैल्यात काय लिवलं ते.” एवढं बोलून ती वर्गाकडे पळाली.

निवड झाली. वाईट झालं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? ती सुपाशी बसली नाही. पहिला पेपर मी मागितला, तेव्हा तो रद्दीत गेला होता.

यंदाचा गठ्ठा परवा आला, विषय तोच. मुख्याध्यापिकांनी तिच्या दुसऱ्या निबंधाच्या झेरॉक्स काढून वर्गात वाटल्या आहेत. नमुना म्हणून. गाईडसुद्धा आता लागत नाही. तीच आई, तेच प्रेमळ डोळे, आणि सगळ्या चौकटी भरलेल्या. कुठे सूप, कुठे विणकराचा माग, निदान एखादी चिडकी बाई तरी दिसेल म्हणून प्रत्येक पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. एकही सापडलेली नाही. पूर्ण गुण देते आणि पुढचा पेपर उचलते.